अप्पूप्पनचा खडक

मणलतुरा,
२ डिसेंबर २०१८

प्रिय तदेवूस,

देवाच्या कृपेने इथे आम्ही सगळे जिवंत आहोत आणि त्यातले निम्मे एकमेकांशी बोलतातही. तू, सेलीन आणि मुलं देहरादूनच्या थंडीत बरे असाल. समुद्राचे नकाशे काढणारी माणसं सरकारने डोंगरावर नेऊन का बसवली, हे तुझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मला कळलं नाही. आता तू निवृत्त होतोयस, तेव्हा ते कोडं तसंच राहू दे.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू अधिकारी होतोस आणि मी मुख्याध्यापिका. दोघंही हुकूम देतो, ऐकत कोणीच नाही.

तर बातमी अशी की तुझा सत्कार आहे. दहा फेब्रुवारीला, चर्चच्या पटांगणात. 'कॅप्टन तदेवूस सत्कार समिती' स्थापन झाली आहे. सतरा सभासद आहेत, त्यांतले अकरा फक्त स्टेजवर बसणार. मणलतुऱ्याच्या मच्छीमारांतून नौदलाचा कॅप्टन झालेला तू पहिला, आणि पदक छातीवर लावून निवृत्त होणाराही पहिलाच. त्यामुळे ज्यांनी तुला वीस वर्षं शिव्या घातल्या त्यांनीच आता वर्गणी घातली आहे.

काल बैठक होती. फादर लिओन म्हणाले, "टीचर, भावाचं चरित्र तुम्हीच लिहा. स्मरणिकेत दोन पानं. आधी बिशपांचा आशीर्वाद, मग बर्फाच्या कारखान्याची जाहिरात, मग तुम्ही."

मी म्हटलं, "आणि त्याच्या वडिलांबद्दल काय लिहू?"

"लिहा की ते अभिमानाने भरून पावले."

"एकोणीस वर्षं मुलाशी बोललेले नाहीत ते, फादर."

"टीचर, ही स्मरणिका आहे. कबुलीजबाबाची खुर्ची तिकडे, आत."

सगळे हसले. मीही हसले, पण जरा उशिरा.

लिहायला बसले तेव्हा सुरुवात झरझर झाली. चार वर्षांचा असताना तू कट्टुमरमवरून, आपल्या ओंडक्यांच्या तराफ्यावरून, पडलास आणि अप्पनने तुला केसाला धरून वर काढलं. पहिली गोष्ट काय बोललास, तर "खाली वाळू नाही, दगड आहे." (फादरना हे फार आवडलं. म्हणाले, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. मी म्हटलं, पाण्यात.) मग सैनिकी शाळा. मग पांढरा गणवेश घालून तू पहिल्यांदा घरी आलास आणि अम्माने कौतुकाने तो निळीत असा बुडवला की परत जाताना तू अर्धा आकाशाच्या रंगाचा होतास. मग सर्वेक्षणाचं शिक्षण. मग १९९९.

तिथे पेन अडलं.

तुला सांगायला नकोच, पण माझ्यासाठी लिहिते. जानेवारीत तुझं पांढरं जहाज आपल्या गावासमोर येऊन नांगरलं. पिवळं धुराडं. तुझ्या छोट्या बोटी शेत नांगरावं तशा पाण्यावर सरळ रेषेत जायच्या आणि यायच्या. अप्पनने आंघोळ केली, लग्नातलं मुंडू नेसलं आणि तो किनाऱ्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "माझ्या पोराचं जहाज." ऑक्टोबरात ट्रॉलर आले. सरळ अप्पूप्पनच्या खडकावर आले. इकडे तिकडे चाचपडले नाहीत, पाहुणा घर विचारत येतो तसेही आले नाहीत, थेट जावई येतो तसे आले. आपल्या आजोबांना सापडलेला, बापाने फक्त मुलाला समुद्रात नेऊन दाखवायचा, तीन पिढ्या आपल्या घराची चूल पेटती ठेवलेला खडक त्यांनी आठ दिवसांत खरवडून नेला.

गावाने दोन आणि दोन चार केले. जानेवारीत मुलगा मोजून गेला, ऑक्टोबरात ट्रॉलर. अप्पन म्हणाला, "मला मुलगा नाही. मला नकाशा झालाय." अम्माच्या दफनाला तू आलास तेव्हा तो कबरीच्या दुसऱ्या बाजूने फिरून गेला. तुझा छापील नकाशा फादरनी चर्चच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावला आहे. प्रत्येक बैठकीला अप्पन त्याच्याकडे पाठ करून बसतो. आता मोतीबिंदूमुळे त्याला नकाशा कुठल्या भिंतीवर आहे तेही दिसत नाही. हाताने चाचपून खात्री करतो आणि मग पाठ करतो.

तेव्हा १९९९ बद्दल काय लिहायचं ते तू कळव. त्या बाबतीत मला काही सांगता येण्यासारखं नाही. आणि ते पदक नेमकं कशाबद्दल, तेही लिही. पेपरात 'अतुलनीय कामगिरी' एवढंच होतं. अतुलनीय तर आमचा समितीचा खजिनदारही आहे.

दहा तारखेला ये. अप्पनचं मी बघते.

तुझी चेच्ची,
ब्रिजीता

---

देहरादून,
११ डिसेंबर २०१८

प्रिय चेच्ची,

तुझं पत्र मिळालं. मुद्देसूद उत्तर देतो. हसू नकोस, सवय आहे.

१. सगळे ठीक. थंडी आहे.

२. पदक : २००४ च्या त्सुनामीनंतर एका बेटावर मदतीची जहाजं आत जाऊ शकत नव्हती. समुद्राचा तळ बदलला होता, जुना नकाशा निरुपयोगी. आमचं खोली मोजायचं यंत्र दुसऱ्याच दिवशी बंद पडलं. मग मी दोरीला शिसं बांधलं, शिशाच्या बुडाला मेण फासलं आणि चार दिवस छोट्या होडीतून हाताने पाणी मोजलं. मेणाला वाळू चिकटली तर जहाज आत, दगडाचा ओरखडा आला तर बाहेर. पाचव्या दिवशी अन्न आणि डॉक्टर घेऊन पहिलं जहाज धक्क्याला लागलं. दोरी कशी सोडायची, हाताला तळ कसा कळतो, हे नौदलाने शिकवलं नव्हतं. ते कोणी शिकवलं हे तुला माहीत आहे. हे छापू नये.

३. निळीचा प्रसंग छापू नये.

४. १९९९ : मी माझं काम केलं. खडक दिसला, नोंदवला. नोंदवला नसता तर मी सर्वेक्षक राहिलो नसतो. नोंदवला म्हणून मुलगा राहिलो नाही. याबद्दलही काही छापू नये. दोष कोणालाही देऊ नये.

५. समारंभाला येणार नाही. अप्पन येत असतील तर येईन. नुसते बसले तरी पुरे, बोलायला नको. ते येणार नाहीत हे दोघांनाही ठाऊक आहे, तेव्हा समितीला तसं कळवावं.

कोस्मस अळियनना नमस्कार. त्यांना सांग, माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही नाही.

तुझा,
तदेवूस

---

मणलतुरा,
२० डिसेंबर २०१८

प्रिय तदेवूस,

'कोस्मस अळियनना नमस्कार. त्यांना सांग, माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही नाही.'

हे वाक्य मी पत्र आल्यापासून किती वेळा वाचलं याचा हिशेब नाही. बहिणीच्या नवऱ्याला नमस्कार सांगतात. मनात काही नाही असं कोणी मेहुण्याला कळवत नाही. म्हणजे तुला माहीत आहे. कधीपासून? ट्रॉलर आले तेव्हापासून? अम्माच्या कबरीशी उभा होतास तेव्हाही? तेव्हा मी तुझ्या शेजारी छत्री धरून उभी होते, आणि तू म्हणालास, "चेच्ची, तू भिजतेयस."

बरं. मग लिहिते. इतकी वर्षं पोरांच्या चुकांवर लाल रेघ ओढली, आज स्वतःची वही तपासते.

तुझा तो नकाशा हॉलमध्ये लागला तेव्हा सगळ्यांनी खडक शोधला. मी खालचा कोपरा वाचला. मास्तरीण आहे, बारीक अक्षर आधी वाचते. छापल्याचं साल २००१. ट्रॉलर आले १९९९ ला. जो कागद दोन वर्षांनी छापला गेला तो वाचून कोणी आधीच येऊ शकत नाही, हे चौथीच्या मुलालाही कळेल. मणलतुऱ्यात ते कोणाला कळलं नाही, आणि ज्या एकीला कळलं ती गप्प बसली. कारण तिला नकाशा बघायच्या आधीपासूनच माहीत होतं.

ट्रॉलरना तो खडक मी सांगितला.

तेव्हा कोस्मस एका ट्रॉलरवर सुकाणू धरायचा. सलग तीन खेपा जाळं रिकामं आलं होतं. मालकाने नवा माणूस बघून ठेवला होता. संध्याकाळी कोस्मस पायरीवर बसून नुसता समुद्राकडे बघत होता. मी म्हटलं, "एवढं तोंड पाडायला काय झालं? चर्चचा मनोरा डोंगराच्या खिंडीत बसव आणि कौलांच्या भट्टीचं धुराडं देवळाच्या टेकडीवर आण. दोन्ही रेघा जुळल्या की थांब. खाली बघ."

तो म्हणाला, "हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मला कोण सांगणार?"

आता हे सोपं करून लिहायचा मोह होतो : नवऱ्याची नोकरी जात होती, बाईमाणूस, दया आली. फादर लिओन एवढ्यावर पापमुक्ती देऊन टाकतील. पण ते खरं नाही. तू चौदाचा होतास तेव्हा अप्पन तुला आठ दिवस वाळूत बसवून त्या रेघा पाठ करून घेत होता. बोटाने वाळूत मनोरा काढायचा, खिंड काढायची. तुझ्या डोक्यात शिरत नव्हत्या. आठव्या दिवशीही तू धुराडं उजवीकडे न्यायचास. मी मागे मासे खारवत बसले होते. माझ्या पहिल्याच दिवशी ध्यानात आलं होतं. एकदा तोंडातून निघालंही, "अप्पन, डावीकडे." तर त्याने मान वळवूनही पाहिलं नाही. म्हणाला, "मिठात हात आहे ना? तो मिठातच ठेव."

तो राग मी वीस वर्षं खारवून ठेवला. खारवलेलं टिकतं. त्या पायरीवर मला नवरा वाचवायचा होता हे खरं, पण त्याहून जास्त, मला ते येतं हे कोणाला तरी दाखवायचं होतं.

कोस्मसला वाटलं, एकटाच जाऊन येऊ. ट्रॉलरवाला एकटा कुठेच जात नाही. मागे सात आले. आठव्या दिवशी तो घरी आला, बूट दाराबाहेर काढले आणि त्या धंद्यात परत गेला नाही. आता बर्फ विकतो. खडकाचं नाव त्याने त्यानंतर काढलेलं नाही. मीही नाही. आम्ही दोघं सुखाने संसार करतो आणि मधे एक खडक आहे, बारा वाव, म्हणजे बारा पुरुष पाण्याखाली.

नकाशा तेव्हा छापलाच नव्हता आणि कोस्मस ट्रॉलरवर होता, एवढ्यावरून तू ओळखलं असणार; मग गप्प का राहिलास? 'दोष कोणालाही देऊ नये' म्हणे! माझं घर वाचावं म्हणून? अरे, पदक त्यासाठी द्यायला हवं होतं. तेही छापू नये म्हणाला असतास.

मी अप्पनला सांगणार आहे. नाताळात नको, बिचाऱ्या येशूचा वाढदिवस आहे. नव्या वर्षात. तो मला घराबाहेर काढेल, म्हणजे स्वतः निघेल, कारण घर माझं आहे. गावात तोंड दाखवणं अवघड होईल. होऊ दे. पंचावन्न वर्षं दाखवलंय, लोकांनाही जरा विश्रांती.

तू मला माफ केलंस की नाही हे लिहू नकोस. मुद्देसूद लिहिशील आणि ते मला सोसणार नाही.

ब्रिजीता

---

मणलतुरा,
१४ जानेवारी २०१९

प्रिय तदेवूस,

सांगितलं.

सहा तारखेला, रविवारी, प्रार्थनेहून आल्यावर. टॅपिओका आणि बांगड्याची आमटी पुढ्यात ठेवली आणि सांगून टाकलं, सगळं, मिठासकट. कोस्मस दाराशी उभा होता. अप्पनने घास खाली ठेवला. मग विचारलं, "धुराडं कुठे आणायचं?"

"देवळाच्या टेकडीवर."

"टेकडीच्या कुठे?"

"डाव्या उतारावर. पिंपळाच्या खाली."

"कोणी शिकवलं?"

"तुम्हीच. मी पाठीमागे होते."

उठला, काठी घेतली आणि समोरच्या लूर्दम्माकडे जाऊन जेवला. तीन दिवस तिथेच जेवत होता. लूर्दम्मा मला येऊन सांगायची, "टीचर, तुझा बाप माझ्या आमटीला नावं ठेवतो आणि दोनदा वाढून घेतो. काय भानगड आहे?" मी म्हटलं, "वीस वर्षं जुनी आहे, बाई. दहा फेब्रुवारीला स्मरणिकेत वाच."

हो, छापणार आहे. तुझं काहीही न छापण्याचं धोरण मी फेटाळलं आहे. नकाशाचं साल, ट्रॉलरचं साल, आणि खडक कोणी सांगितला तिचं नाव. फादर म्हणाले, "टीचर, याच्या समोरच्याच पानावर बर्फाची जाहिरात आहे, कोस्मसची!" मी म्हटलं, "उत्तम. लोकांचं डोकं तापलं तर जवळच सोय." शेवटी फादर म्हणाले, "एक शब्दही कापणार नाही." त्या माणसाबद्दल माझं मत थोडं बदललं आहे. बातमी समितीतून फुटली, त्यामुळे लोकांचंही माझ्याबद्दल बदललं आहे. किनाऱ्यावर दोन बायका मला बघून मासे झाकतात. हेही निवळेल.

चौथ्या दिवशी अप्पन परत आला. माझ्याशी बोलला नाही. कोस्मसला म्हणाला, "हॉलमधली ती फ्रेम काढून आण."

नकाशा जमिनीवर पसरला. अप्पन गुडघ्यावर बसला, म्हणाला, "वाच." मी भिंग घेऊन वाचत गेले. किनाऱ्यापासून निघाले, चार, सहा, नऊ, चौदा. तू मीटरमध्ये लिहिलंयस, तो मनात वावात बदलत होता आणि मान हलवत होता. मान हलवताना चेहरा कसा होता ते तू बघायला हवं होतंस. परीक्षकाचा. प्रत्येक आकड्याला "हं." कुठेतरी "हं, बरोबर" सुद्धा. चर्चच्या मनोऱ्याची खूण आली तेव्हा बोट ठेवायला सांगितलं. त्याचं बोट मी धरून त्या खुणेवर नेलं. "हा मनोरा?" "हो." "त्याच्या कामाचा? नौदलाला?" "हो, अप्पन, तेही मनोऱ्यावरूनच दिशा घेतात." बराच वेळ बोट तिथे ठेवलं.

मग त्या पदकाची गोष्ट सांगितली. दोरी, शिसं, मेण. तू मनाई केली होतीस, लक्षात आहे. त्याने एकच विचारलं, "मेण की चरबी?" "मेण." "चरबी बरी. मेण थंड पाण्यात कडक होतं. त्याला एवढंही आठवलं नाही?" आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. कोस्मस हळूच बाहेर गेला.

मी वाचता वाचता खालच्या कडेला आले, बारीक अक्षरांत. वाचलं, 'नाविकांना नकाशात चूक आढळल्यास कळवावी, अशी विनंती.'

"काय म्हणालीस?"

परत वाचलं.

"विनंती? कोणाला?"

"जो समुद्रावर जातो त्या कोणालाही."

"मलापण?"

"तुम्हालापण."

"केव्हापासून लिहिलंय?"

"पहिल्यापासून, अप्पन. छापलंच आहे."

"मग एवढी वर्षं मला कोणी वाचून का दाखवलं नाही?" केवढ्यांदा ओरडला म्हणून सांगू! पलीकडून लूर्दम्मा धावत आली.

आणि मग तो बोलला. तदे, हे नीट वाच.

खडकाच्या दक्षिण अंगाला एक सुळका आहे. नकाशात नाही. खडक बारा वाव, पण सुळक्यावर पाणी फक्त नऊ वाव. जेमतेम एका खोलीएवढी जागा. अप्पूप्पनने अप्पनला तो सर्वांत शेवटी दाखवला होता. अप्पन तुला लग्नानंतर दाखवणार होता. ९९ साली तो किनाऱ्यावर उभा राहून तुझ्या बोटींकडे बघत होता. बोट एकदा सुळक्याच्या अलीकडून गेली, परतताना पलीकडून. मधली पट्टी राहिली. "मला तेव्हाच कळलं," म्हणाला, "पोरगा चुकला. आणि मला बरं वाटलं. देवा, बापाला बरं वाटलं!"

तो सुळका ट्रॉलरांनाही सापडला नाही. नकळत त्यावर अडकून त्यांची दोन जाळी फाटली, म्हणून मग ते त्या बाजूला फिरकले नाहीत. मासे तिथे अजून आहेत. मोतीबिंदू येईपर्यंत अप्पन एकटाच जात होता. घरात अधूनमधून जो मोठा कालवा, खडकाच्या कपारीत राहणारा मासा, यायचा, तो बाजारातला नव्हता. मी खडक चोरला म्हणून वीस वर्षं जळत होते आणि बाप शांतपणे त्याच खडकावरून माझं जेवण आणत होता.

"आता का सांगता?" मी विचारलं.

"तिकडे मोठं बंदर होतंय. जहाजं पूर्वीसारखी राहिली नाहीत, पोटात डोंगर घेऊन चालतात. नऊ वावात त्यातलं एखादं बसलं तर माणसं मरतील. आणि नकाशावर माझ्या पोराचं नाव आहे." आणि पुढे, "ती चूक नावावर घेऊन तो निवृत्त नको व्हायला."

असं आहे. चूक कळवायचा तुमच्या खात्याचा फॉर्म मी इंटरनेटवरून उतरवून घेतला. 'जहाजाचं नाव' : कट्टुमरम, नाव नाही. 'खोली कशी मोजली' : हाताने. 'स्थान' इथे आम्ही अडकलो, कारण तुमच्या लोकांना अंश आणि कला हव्यात आणि अप्पनकडे मनोरा आणि पिंपळ आहेत. शिवाय त्याला आता मनोरा दिसत नाही. म्हणाला, "डोळे तुझे, हात माझा, आणि आकडे काढायला तो." मी म्हटलं, "मी? होडीत?" तर म्हणाला, "तुला येतं ना? मग किनाऱ्यावर काय मीठ लावत बसणार?" मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी घासली.

समारंभाबद्दल : अप्पन खुर्चीत बसणार नाही, बिशपांच्या शेजारी तर नाहीच. पण लूर्दम्माच्या मुलाची होडी त्याने २८ जानेवारीसाठी सांगून ठेवली आहे. पहाटेच्या भरतीला. तू नोकरीत आहेस एकतीसपर्यंत, म्हणजे दुरुस्तीवर सही तुझीच असेल. रजा काढ. सेलीनला आण. मुलांना आण, मोठीला होडी लागत असेल तर तिला माझ्या शेजारी बसवेन, मलाही लागणारच आहे. शिशाची दोरी नको आणूस, इथे आहे. त्याने कालच चरबी फासली आहे.

फॉर्मच्या शेवटी 'निरीक्षकांची नावं' असा रकाना आहे. त्याने सांगितलं ते मी लिहिलं : मर्सलीन, कट्टुमरमवाला. खाली : मुलगी, ब्रिजीता. तिसरी ओळ मी भरायला गेले तर हात धरला. म्हणाला, "ती कोरी ठेव. त्याचं त्याला लिहू दे."

रकाना कोरा आहे, पेन गुंडाळून ठेवलं आहे. ये.

अप्पन आणि त्याची दोन्ही मुलं मोजणारी,
तुझी ब्रिजीता चेच्ची